आत्म्याचे वजन



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तथापि घरात मृत्यू झाला म्हणजे दहाव्या दिवशी कोणी वडीलधारे हळूच विचारतात, "पिंड ठेवला नाही, तर आत्मा उपाशी नाही का राहणार?" या एका प्रश्नापायी कुटुंबे कर्जात बुडालेली आहेत. म्हणून आज त्याची शास्त्रीय रीतीने तपासणी करू. ती करताना हसू आले, तर तो दोष शास्त्राचा नव्हे.

प्रथम गायीचा हिशेब पाहू. गरुडपुराणाप्रमाणे यमलोकाच्या वाटेवर वैतरणी नदी लागते आणि गोदान केलेल्याचा जीव ती तरून जातो. ठीक. गाय येथे दान दिली. संध्याकाळी पाहावे, तर ती भटजींच्या गोठ्यात कडबा खात उभी. सकाळी दूधही तेथेच देते. मग वैतरणीवर कोण गेले? गायीचा आत्मा गेला म्हणावे, तर गाय जिवंत कशी? शिवाय गायीऐवजी रोख सव्वा रुपया दिला तरी चालते म्हणतात. तेव्हा त्या बिचाऱ्या जीवाने रुपयाचे शेपूट धरावयाचे की काय?

चार्वाकांनी हाच हिशेब अन्नाबाबत मांडला होता. येथे दिलेला घास परलोकी पोचत असेल, तर परगावी निघालेल्याने शिदोरी कशास बांधावी? चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त ही शंका नोंदलेली आहे.

परंतु प्रत्यक्ष तराजू घेऊन बसलेला मनुष्य आपल्याच पाली ग्रंथात भेटतो. दीघनिकायाच्या तेविसाव्या सुत्तात सेतव्या नगरीचा पायासी राजन्य येतो. परलोक नाही, हे त्याचे मत. मरणोन्मुख आप्तांस तो सांगून ठेवी की, स्वर्गात वा नरकात पोचलात की येऊन कळवा. कोणी आले नाही, निरोपही आला नाही. पुढे त्याने एका चोरास जिवंतपणी तोलले व गळा आवळून मारल्यावर पुन्हा तोलले. (ही रीत अर्थातच निंद्य होय, चोराची संमती कोणी विचारली नव्हती.) मेलेला चोर अधिक जड भरला! त्यावर कुमार कस्सपांनी उत्तर दिले की, तापलेला लोखंडी गोळाही थंड गोळ्याहून हलका असतो. पायासीचे समाधान झाले व तो उपासक बनला. सुत्त आपले आहे म्हणून आपण डोळे मिटण्याचे कारण नाही. लोहाराच्या भात्यापाशी तराजू नेऊन पाहावा. लोखंड तापून लाल झाले तरी हलके होत नाही. ग्रंथात आहे एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांस सांगितले. ते आपल्या ग्रंथांसही लागू आहे.

अमेरिकेतील हॅवरहिल गावच्या डॉ. डंकन मॅकडुगल यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका उलट निघाला. त्यांनी मरणासन्न रोग्यांच्या खाटा तराजूवर ठेविल्या. रोगी सहा. दोघांची मापे डॉक्टरांनी स्वतःच बाद केली. एकाचे वजन पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम, घटले आणि तेच आत्म्याचे वजन म्हणून जगभर गाजले. उरलेल्यांची मापे एकमेकांशी जुळेनात. नंतर पंधरा कुत्रे तोलले. त्यांचे वजन घटले नाही. निकाल काय, तर कुत्र्यास आत्मा नाही! दुसऱ्या एका डॉक्टरांनी तेव्हाच आक्षेप घेतला की, श्वास थांबला म्हणजे शरीर तापून घाम सुटतो आणि कुत्र्यास माणसासारखा घाम येत नाही.

म्हणजे आत्मा निघून गेला की पायासीच्या तराजूवर माणूस जड होतो आणि मॅकडुगलच्या तराजूवर हलका. दोहोंची बेरीज-वजाबाकी केली, तर हाती शून्याखेरीज फारसे काही उरत नाही. तथागतांनी तेवढे तराजूवाचूनच सांगितले होते.

आता एक विनंती. ज्या माउलीचा मुलगा गेला, तिला हे हसत सांगू नका. तिला त्याच्या भुकेची काळजी वाटते, कारण जन्मभर तिने त्याला जेवू घातले आहे. तिच्याजवळ बसा. दहाव्याच्या खर्चातून त्याच्या मुलांची पुस्तके आणा. भावकीतून कोणी गोदानाची आठवण काढलीच, तर उत्तर देण्याची घाई आपण करू नये; तिलाच विचारावे. दुसऱ्यांचे गोठे झाडण्यात तिचा जन्म गेला आहे. एक गाय एका वेळी किती ठिकाणी असते, हे तिला चांगले ठाऊक आहे.