रंग, छाया आणि सह्याद्रीचा नकाशा

कल्याणनजीकचें शहाड उल्हास नदीच्या कांठीं वसलें आहे. दक्षिणेस मलंगगड, ईशान्येस माहुली आणि त्यांपलीकडे सह्याद्रीची उभी भिंत, असा हा मुलूख. साध्या नकाशावर मात्र तो सारा सपाट होऊन बसतो. समोच्च रेषा वाचावयास अभ्यास लागतो. छाया लहान मुलासहि समजते. भूमीच्या उंचीच्या आंकड्यांतून अशी रंगीत छाया कशी उमटते, हें म्हणूनच जाणून घेण्याजोगें आहे.

फेब्रुवारी २००० मध्यें ‘एंडेव्हर’ या अंतराळयानानें ११ दिवसांच्या सफरींत रडारच्या साहाय्यानें पृथ्वीवरील सुमारें ८० टक्के जमिनीची उंची मोजली. हे आंकडे आज सुमारें ३० मीटर अंतरानें कोणासहि विनामूल्य मिळतात. जणूं बुद्धिबळाचा अफाट पट, आणि प्रत्येक घरांत एकच संख्या : समुद्रसपाटीपासूनची उंची.

संगणक प्रत्येक घराची भोवतालच्या आठ घरांशीं तुलना करून उताराची दिशा व तीव्रता काढतो, आणि कल्पित सूर्याच्या किरणांशीं होणारा कोन पाहून त्यास उजेड वा सांवली देतो. मात्र मूळ आंकड्यांत अंतर अंशांत असतें, उंची मीटरांत. शहाडच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सुमारें १११ किलोमीटर भरतो, तर पूर्व-पश्चिम सुमारें १०५. हीं अंतरें आधीं मीटरांत आणलीं नाहींत, तर उतार खोटे ठरतात.

हा सूर्य प्रघातानें वायव्येस, क्षितिजापासून ४५ अंशांवर ठेवितात. कोंकणांतील माध्यान्हीचा सूर्य वायव्येस कधींच नसतो, हें खरें. परंतु प्रकाश नकाशाच्या खालच्या बाजूनें आला तर डोळा फसतो, आणि दरी डोंगरासारखी भासूं लागते. सह्याद्रीचा कडा पश्चिमाभिमुख असल्यामुळें एकट्या वायव्येच्या उजेडांत तो उजळून जातो व त्याची खोली हरवते. यास्तव दोन-तीन दिशांचे प्रकाश मिसळणें श्रेयस्कर.

मग रंगांची योजना. समुद्रसपाटीपासून १६४६ मीटरांच्या कळसूबाईपर्यंत सारख्या उंचीच्या पायऱ्या पाडल्या, तर ठाण्यापासून शहाडपर्यंतचा प्रदेश एकाच हिरव्या रंगांत बुडतो. सखल भागांत पायऱ्या लहान व वर मोठ्या ठेवल्या, म्हणजे उल्हासचें खोरें उघडें पडतें. रंग फिके असावेत. गडद रंगांत छाया दिसेनाशी होते.

असा देखणा नकाशा पाहणाऱ्याचा विश्वास चटकन जिंकतो, आणि धोका तेथेंच आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत उल्हासचें पाणी कांठच्या वस्त्यांत शिरलें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली, आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावें लागलें. आपलें घर सुरक्षित आहे काय, हें नदीकांठचा गृहस्थ या नकाशांत शोधूं लागला तर नवल नाहीं. परंतु रडारनें मोजलेल्या उंचींत झाडांचे शेंडे व इमारतींचीं छपरेंहि मिसळलेलीं असतात, आणि चूक कांहीं मीटरांची असूं शकते. पुराच्या वेळीं तर एका मीटरावर उंबरठ्याचें भवितव्य ठरतें.

म्हणून आंकडे कोठले, कोणत्या सालचे, व त्यांत चूक किती संभवते, ही ओळ नकाशाच्या समासांत असलीच पाहिजे. हिरवा रंग सखलपणा दाखवितो, अरण्य नव्हे, हेंहि तेथेंच लिहावें. एवढी दक्षता घेतली, म्हणजे शहाडच्या घरांतील भिंतीवर टांगलेला हा नकाशा मुलांना आपल्या नदीचें पाणी कोणत्या डोंगरांतून येतें, तें यथार्थपणें दाखवील.