मधली सहा वर्षं
(स्नेहसंमेलनातील मनोगत)



आत्ता ओळख करून देताना सांगितलं गेलं, 'केनवडची मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर झाली.' ऐकायला गोड वाटलं. पण मधली सहा वर्षं त्यात गळाली. आज तीच सांगते.

आपण दहावीला बसलो तेव्हा वाशीम जिल्हाच नव्हता, पत्त्यात अकोला लिहायचो. तेव्हाच मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं : इंजिनिअरिंग, नोकरी, मग एम.टेक. पहिल्या दोन गोष्टी वेळेवर झाल्या. २००६ मध्ये बाबांना पक्षाघात झाला. भाऊ शिकत होता, आई एकटी. दोन महिन्यांसाठी म्हणून आले आणि तीन वर्षं राहिले.

तेव्हाचं लोडशेडिंग तुम्हाला आठवत असेल. कॉम्प्युटरवर चादर पडलेली. बाबा झोपले की कंदिलाजवळ बसून पेन्सिलीने वहीत प्रोग्राम लिहायचे, रोज एक. रविवारी रिसोडला कॅफेत जाऊन टाईप करायचे. दहातले चार चालायचेच नाहीत. चुका उतरवून घरी यायचं.

एक गोष्ट आज पहिल्यांदा बोलते. मला बाबांचा राग यायचा. एकदा भरवताना चमचा जरा जोरात ठेवला गेला. ते अडखळत म्हणाले, "तुह्यं काम राह्यलं ना वं माह्यापायी?" त्या रात्री वही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाटेजवळच बसून उघडली. ते बघत राहिले. पुढे तीच आमची जागा झाली. २००९ मध्ये बाबा गेले. मग लग्न, मग लेक. वह्या सात झाल्या.

त्याच दिवसांत डॉ. रखमाबाईंविषयी वाचलं. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. १८८४ मध्ये नवऱ्याने नांदायला यावं म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये निकाल आला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. चार वर्षं कोर्टात गेली, तरी १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट इथे कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. माझी अडचण त्यांच्यापुढे काहीच नव्हती. एवढं मात्र कळलं की थांबावं लागणं आणि सोडून देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

२०१२ मध्ये मुलाखतीत विचारलं, "मधल्या काळात काय केलं?" मी वह्या टेबलावर ठेवल्या. नोकरी मिळाली, पण अगदी खालच्या पायरीवर. माझा टीम लीडर माझ्याहून सहा वर्षांनी लहान होता. सुरुवातीला लाज वाटली, मग त्याच्याकडूनच शिकले.

एम.टेक. मात्र राहिलंच. त्याची हळहळ आहे. पण बाबांजवळची तीन वर्षं परत देऊन ते मिळत असेल, तर नको.

आपल्यातल्याच एकीचं दहावीनंतर लगेच लग्न झालं. नाव घेऊ नको म्हणाली आहे. मुलं मोठी झाल्यावर तिने १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी केली, मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी. सोयाबीन सोंगून आल्यावर अभ्यास करायची. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता मान खाली घालून हसते आहे.

आपण पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. कुणाची पेटी माळ्यावर असेल, कुणाची पदवी अर्धी. सगळं पुरं होईल असं मी म्हणत नाही. पण रोजचा एक प्रोग्राम, रोजचं एक पान, एवढं हातात ठेवा. दार उघडेल तेव्हा हात रिकामे नसावेत.

गणिताच्या सरांनी उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण दिले, त्यावरच मी इथवर आले. सर, नमस्कार करते आणि थांबते.