जाणकारीचा दर

आज पदवी घेणाऱ्या स्नातकहो,

तुमच्यापैकी बरेच जण नोकरी धरतील. पण नाशिक हा लहान उद्योगांचाही जिल्हा आहे, त्यामुळे काही जण सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतील, काही जण हिशेबाचे, डिझाइनचे, दुरुस्तीचे किंवा शेतीसल्ल्याचे काम स्वतःच्या नावाने सुरू करतील. माझे बोलणे मुख्यतः त्यांच्याशी आहे. लहान व्यवसायात वर्षानुवर्षे जे सर्वांत मोठे भांडवल साठते, ते जाणकारीचे. आणि बिल लिहिताना नेमके तेच वगळले जाते. माल, मजुरी, वीज, वाहतूक यांची बेरीज होते, निर्णयाचा दर कोणी लावत नाही. तो लावायला पहिल्या वर्षापासून शिकले पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.

जॉबवर्कचे उदाहरण घ्या. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमध्ये दर बहुधा मशीनच्या तासावर ठरतो. नवख्या माणसाला एका जॉबचे सेटिंग करायला अर्धा दिवस लागतो. वीस वर्षांनी तोच माणूस ते तासाभरात करतो. तासाच्या हिशेबाने पाहिले, तर जितके कौशल्य वाढले तितके बिल घटले. ड्रॉइंगमधली चूक त्याने काम सुरू होण्याआधीच दाखवून दिली, तर अख्खा लॉट रिजेक्ट होण्याचे टळते. पण जे नुकसान झालेच नाही, त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. हातमागावरही हेच दिसते: येवल्याच्या पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. त्याने पैठणीचे नाव जपले जाते, मात्र विणकराच्या नजरेची आणि हाताची किंमत त्यातून आपोआप ठरत नाही. ती त्यालाच मांडावी लागते.

जाणकारीला मोल मिळूच शकत नाही, असे मात्र नाही. याच जिल्ह्यातल्या द्राक्षबागा त्याचा पुरावा आहेत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांत घड तयार होतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी येते. काडी कितव्या डोळ्यावर कापायची, यावर वर्षाचे पीक अवलंबून असते. म्हणून बागायतदार छाटणीआधी काड्या तपासून घेतात; सूक्ष्मदर्शकाखाली घड कोणत्या डोळ्यात आहे ते पाहिले जाते. सल्लागाराला लोक फी देतात, कारण चुकलेल्या छाटणीची किंमत त्यांना ठाऊक असते. मेहनतीचे तास इथे कोणी मोजत नाही. निर्णय बरोबर आल्याने काय वाचले, ते मोजले जाते. तुमच्या व्यवसायातली ‘छाटणी’ कोणती, ते शोधा आणि ग्राहकाला ती आकड्यांत दाखवा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: शेजारचा शेडवाला कमी कोटेशन देतो, मग आमचा दर कोण मान्य करणार? जे काम कोणीही करू शकतो, त्याबाबत हा आक्षेप खरा आहे. तिथे बाजारभावच चालेल. म्हणूनच कोटेशनमध्ये साधे काम आणि तपासणी, सल्ला, सुधारणा यांच्या ओळी वेगळ्या ठेवाव्यात. ग्राहकाने दुसरी ओळ नाकारली, तर तेवढे काम करू नये. फुकट करून मागाहून कुरकुरू नये. दुसरा आक्षेप संस्काराचा आहे: विद्या विकू नये. होतकरू कारागिराला शिकवणे हे दान आहे, ते जरूर करा. पण नफा कमावणाऱ्या कंपनीला सल्ला फुकट देणे म्हणजे स्वतःच्या कामगारांच्या पगारातून तिला सूट देणे होय. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: निव्वळ वर्षे मोजल्याने कोणी जाणकार होत नाही. अगदी बरोबर. एकच वर्ष वीस वेळा जगलेल्या माणसाला जादा दर मागण्याचा हक्क नाही. मशीन बदलते, कायदा बदलतो, हवामान बदलते; जो शिकणे थांबवतो त्याची जाणकारी शिळी होते. दर वाढवण्याचा अधिकार शिकत राहण्यातूनच येतो.

दर ठरवून भागत नाही, पैसे वेळेवर यावे लागतात. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी 45 दिवसांच्या आत, द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. हे संरक्षण वस्तूंइतकेच सेवांनाही आहे. संबंध बिघडतील म्हणून अनेक जण त्याचा उच्चारही करत नाहीत. संबंध टिकवायचे, तर अटी पहिल्याच दिवशी लिहून घ्याव्यात.

स्नातकहो, उद्योगाची नोंदणी करा, केलेल्या निर्णयांची आणि त्यांच्या परिणामांची वही ठेवा, दरवर्षी काही नवे शिका आणि दरवर्षी आपला दर नव्याने तपासा. तुमच्या कामाची किंमत ग्राहक उद्या घासाघीस करून ठरवेलच. पण पहिला आकडा तुम्ही सांगा, आणि तो सांगताना मान खाली घालू नका.