तलवारीविना तलवारीचा छंद

(सोसायटीच्या 'माझा छंद' या कार्यक्रमात क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोटीस बोर्डावर कार्यक्रमाचा कागद लागल्यापासून लिफ्टमध्ये मला एकच प्रश्न विचारला जातोय. "काका, तुमच्या घरी खरंच तलवारी आहेत?" परवा वॉचमननेही जरा लांबूनच चौकशी केली. म्हणून आधी खुलासा करतो. माझ्या घरी एकही तलवार नाही. जे आहे ते सगळं या टेबलावर मांडलंय. बारा चकत्या. चपलेच्या एका खोक्यात मावेल एवढाच माझा संग्रह.

या चकतीला जपानीत त्सुबा म्हणतात. जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्या मध्ये ती बसते. हात पुढे सरकून पात्यावर जाऊ नये आणि तलवारीचा तोल राहावा, हे तिचं काम. साधारण सात-आठ सेंटिमीटर व्यासाची असते. मधलं उभं भोक पात्याच्या शेपटासाठी. शेजारची भोकं म्यानाला अडकवलेली छोटी सुरी आणि केस सावरायची सळई यांच्यासाठी. एवढ्याशा जागेत त्या लोकांनी काय काय केलंय! लाटा, बगळे, पाऊस, पडका पूल, चंद्र. आपल्याकडे वाटीच्या बुडावर नाव कोरतात तेवढ्या जागेत त्यांनी अख्खा निसर्ग बसवलाय.

मला हे वेड लागलं ते हैदराबादला. १९८४ साली बँकेने तिकडे बदली केली. कुटुंब पुण्यात, मी तिकडे एकटा. रविवारी करायचं काय? सालारजंग म्युझियम गाठायचं. लोक तिथलं घड्याळ बघायला गर्दी करतात. गर्दी टाळत मी जपानी दालनात शिरलो आणि तलवारींच्या कपाटासमोर उभा राहिलो तो राहिलोच. पातं बघून झालं, पण नजर सारखी त्या चकतीकडे जाई. पुढे वाचत गेलो, चित्रं जमवली. विकत घेण्याची ऐपत आणि सवड मात्र निवृत्तीनंतरच आली.

सुरुवातीला मलाही अख्खी तलवारच हवी होती. घरात विषय काढला. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, नातवंडं येतात घरी. विळीसुद्धा मी वर ठेवते." विषय संपला. नंतर कायदा वाचला आणि त्यांचे आभार मानले. तलवार परदेशातून आणायची तर आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. जपानमध्येही मोकळीक नाही. तिथे प्रत्येक जुन्या तलवारीचं नोंदणीपत्र असतं. तलवार देशाबाहेर न्यायची तर ते परत करावं लागतं आणि सांस्कृतिक खात्याचा दाखला घ्यावा लागतो. राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली तलवार तर बाहेर जाऊच शकत नाही.

आता कुणी म्हणेल, कुठे जपान, कुठे आपण. सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण सगळे जातो. ती बाग ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केली आहे. हे ओकायामा म्हणजे जुना बिझेन प्रांत, आणि बिझेनमधलं ओसाफुने गाव म्हणजे जपानी तलवारींचं माहेरघर. म्हणजे पुलावर उभे राहून आपण माशांना बघतो ना, तेव्हा एका परीने लोहारांच्या गावाच्या शेजारीच उभे असतो.

या चकत्या तलवारीपासून सुट्या कशा झाल्या, हेही सांगतो. मुळात त्या बदलत्या असायच्या. सणासुदीला एक, रोजची दुसरी. मग १८७६ साली सरकारने हुकूम काढला, सैनिक, पोलीस वगैरे सोडून कुणी तलवार लावून हिंडायचं नाही. एका रात्रीत हजारो कारागिरांचं गिऱ्हाईक गेलं. गोतो नावाचं घराणं पंधराव्या शतकापासून सत्ताधीशांसाठी हे दागिने घडवत होतं. त्यांच्यावरही तीच पाळी. कुणी फुलदाण्या करू लागले, कुणी सिगारेटच्या डब्या. तलवारींवरून उतरवलेल्या चकत्या बोटी भरभरून युरोप-अमेरिकेत गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन फौजांनी तलवारी जमा करून घेतल्या, त्यात कितीतरी नष्ट झाल्या. कलेच्या दृष्टीने मोलाच्या होत्या त्या वाचवायला काही जाणकार धडपडले आणि त्यातून १९४८ साली तलवारींचं जतन करणारी एक संस्था उभी राहिली. तिचं संग्रहालय तोक्योत आहे. ही संस्था वस्तू तपासून दाखला देते. फोटो, वर्णन, घराणं, सगळं त्यावर असतं. आमच्या छंदात त्या कागदाला फार मान.

धातूंबद्दल दोनच वाक्यं. ही काळी-निळी चकती बघा. रंग लावलेला नाही. तांब्यात थोडं सोनं मिसळून, खास द्रावणात उकळून हा रंग येतो. तिला शाकुदो म्हणतात. ही करडी आहे ती शिबुइची, म्हणजे 'चौथा हिस्सा', तांब्यात चांदी. बाकीच्या लोखंडी. त्या कधीही घासायच्या नाहीत. पितांबरी तर लांबच ठेवा. तो काळा थर हीच त्यांची कातडी. सुती कापडाने पुसायचं, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, बस.

फसवणूकही भरपूर होते. माझी पहिलीच खरेदी नकली निघाली. साच्यात ओतलेली. घडवलेल्या लोखंडाला टिचकी मारली की बहुधा नाद येतो, ओतीव लोखंड ठप्प बोलतं. खऱ्या चकतीच्या मधल्या भोकात पातं घट्ट बसावं म्हणून तांब्याचे तुकडे ठोकलेले किंवा छिन्नीच्या खुणा असतात. साच्यातल्या चकतीत आतल्या बाजूला जोडाची रेघ दिसते. ती नकली मी फेकली नाही. या बारांतच आहे. मुलांनो, शेवटी ती तुम्ही शोधून काढायची.

आता या चकतीकडे येतो. लाटांवरून उड्या मारणारा ससा. चंद्रावर ससा आहे हे आपण लहानपणापासून ऐकलं, चंद्राला शशांक म्हणतो ते त्यामुळेच. जातककथेतला हा ससा बौद्ध धर्माबरोबर पार जपानला पोचला. पाण्यात चंद्राचं प्रतिबिंब पडलं की ससाही लाटांवर धावतो, अशी त्यांची कल्पना. 'चिकुबुशिमा' नावाच्या जुन्या नाटकात ती आहे. फोटो पाहून सौ. म्हणाल्या, "हा घ्या. हा आपल्यातला वाटतो." अठराव्या शतकातली, शोआमी घराण्याची चकती. सोबत त्या संस्थेचा दाखला. किंमत ६८,००० येन, म्हणजे तेव्हाचे चाळीस हजारांच्या आसपास. साल २०१७.

जपानमधल्या दुकानदाराने पैसे मिळाल्यावर विचारलं, पार्सलवर 'भेटवस्तू, ३,००० येन' असं लिहू का? बरेच ग्राहक तसं सांगतात. खऱ्या भेटवस्तूंना तेव्हा काही मर्यादेपर्यंत शुल्क माफ असे. (ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता २०१९ च्या डिसेंबरात बंदच झाली.) मी उत्तर पाठवलं, "हो, चालेल."

मंडळी, मला पैशाची अडचण नव्हती. पेन्शन वेळेवर येत होती. अडतीस वर्षं बँकेत, त्यातली निम्मी परकीय चलन विभागात काढलेला माणूस मी. त्या दोन शब्दांचा अर्थ मला जेवढा कळत होता तेवढा त्या दुकानदारालाही कळत नसेल. तरी लिहिले.

महिनाभराने कस्टमचं पत्र आलं. पार्सल अडकलंय, वस्तू तलवारीचा भाग दिसते, कागद घेऊन या. मी गेलो तो जय्यत तयारीनिशी. टेबलावर एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी विचारलं, "सर, हे हत्यार आहे का?" मी कस्टम टॅरिफ पुढे ठेवलं. ९३व्या प्रकरणात तलवारी आणि त्यांचे भाग येतात हे खरं, पण त्याच प्रकरणाच्या टिपेत लिहिलंय की पुराणवस्तू त्यात धरायच्या नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचं शीर्षक ९७०६. वयाचा पुरावा म्हणून दाखला दिला. तो जपानीत. पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांची वाण नाही, ओळखीच्या एका शिक्षिकेकडून भाषांतर करून घेतलं होतं, तेही जोडलं. बाईंनी सगळं नीट वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." मी मनात म्हटलं, जिंकलो!

मग त्या म्हणाल्या, "आता फक्त पैसे भरल्याचा पुरावा द्या."

फाइल माझ्या हातात होती. बँकेतून पैसे पाठवल्याचा कागद त्यात होता, ६८,००० येनचा. सवयीने लावलेला. आणि समोर पार्सलवर लिहिलेलं होतं ३,०००.

'भेट आहे, पैसे दिलेच नाहीत' असं म्हणता आलं असतं. खोटं कशाला बोलू, ते वाक्य ओठापर्यंत आलंही होतं. पण त्या क्षणी मला एक माणूस आठवला. १९९१-९२ च्या सुमाराचा एक छोटा आयातदार. त्याच्या बिलात किंमत कमी दाखवलेली मला आढळली होती. काउंटरवर सगळ्यांदेखत मी त्याला ऐकवलं होतं, "कागद खोटा असेल तर माल खरा असून काय उपयोग?" तो मान खाली घालून उभा होता. मला तेव्हा स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! आता काउंटरच्या त्या बाजूला मी होतो.

मी कागद काढून दिला. बाईंनी दोन्ही आकडे पाहिले. काही बोलल्या नाहीत. मला कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही फॉरेन एक्स्चेंजला होतात म्हणालात ना?" मी म्हटलं, "हो. म्हणूनच लेखी देतो." दुकानदाराने माझ्या संमतीने कमी किंमत लिहिली, असं माझ्या हाताने लिहून सही केली.

पुढचं सगळं कायद्याप्रमाणे झालं. चुकीची किंमत दाखवली म्हणून वस्तू जप्तीला पात्र ठरली. १९६२ च्या कस्टम कायद्याच्या कलम १२५ खाली दंड भरून ती सोडवून घेण्याची मुभा मिळाली. शिवाय माझ्यावर वेगळा दंड. शुल्क धरून सगळं मिळून, जेवढं वाचवायला गेलो त्याच्या कितीतरी पट गेलं. पार्सल घरी यायला पाच महिने लागले. अडवणूक झाली, असं मी तेव्हा ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं. आपल्याला कस्टमच्या तक्रारी ऐकायला आवडतातच. खरं एवढंच की अडवणूक कोणीही केली नव्हती.

आणि आता जे सांगायला मी आज उभा राहिलोय ते. त्या वर्षी मी आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो. तुमच्यातल्या काही जणांना मी मेंटेनन्सच्या पावतीवरून, पार्किंगच्या पैशावरून, एकाला तर रंगकामाच्या कोटेशनवरून भर सभेत बोललो होतो. सोसायटीच्या हिशेबात एका पैशाचाही फरक नव्हता, ऑडिट रिपोर्ट ऑफिसात आहेत, कोणीही बघावेत. पण दंडाचा आदेश कपाटात ठेवून मी तुमच्या पावत्या तपासत होतो, हे कमिटीला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. ज्यांना बोललो त्यांची आज माफी मागतो. सौ.ना तेव्हाच सांगितलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "सशाला कशाला खोटं पाडलंत?"

त्यानंतर चार चकत्या आल्या. प्रत्येक वेळी दुकानदाराला आधीच लिहितो: खरी किंमत घाला, बिल आत आणि बाहेर दोन्हीकडे लावा, वर्णनात 'तलवारीची जुनी लोखंडी चकती, पातं नाही, शंभर वर्षांहून जुनी' असं स्पष्ट लिहा. दाखल्याची प्रत पार्सलवर, मूळ प्रत आत. शुल्क भरतो, पावती त्याच चकतीच्या डबीत ठेवतो. एकही पार्सल दोन आठवड्यांहून जास्त अडकलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाची मुलं परदेशातून काही पाठवत असतील तर त्यांनाही हेच सांगा. छंद कुठलाही असो, नाणी, तिकिटं, घड्याळं, वस्तू आणि तिचा कागद एकत्र ठेवा. आपण गेल्यावर मुलांच्या हातात नुसती वस्तू आली तर ती भंगारात जाते.

नातवाने मध्यंतरी विचारलं, "आजोबा, यातली सगळ्यात महाग कोणती?" मी ससा दाखवला. त्याच्या डबीत दाखला आहे, भाषांतर आहे आणि दंडाचा आदेशही आहे. तो काढून टाकलेला नाही. नातू वाचता झाला की वाचेल.

बोलणं लांबलं. आता टेबलाजवळ या. हात कोरडे करून या, चकती कडेला धरा, टिचकी मारा, नाद ऐका. मुलांनी नकली शोधायची, बक्षीस आंबावडी आहे. आणि मोठ्यांसाठी ती फाइलही टेबलावर ठेवली आहे. संकोच न करता बघा.