डोळ्यांचा मेकअप काढताना जोर लावावा लागतोय? मग रिमूव्हर चुकलंय

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, सॉफ्टवेअरवाली बाई एकदम मेकअपवर कशी आली? सांगते. मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला. त्यानंतर मी या विषयात इतकी शिरले, की ऑफिसातल्या मैत्रिणी आता कोडबद्दल कमी आणि काजळाबद्दल जास्त विचारतात. म्हटलं, एकदा सगळं नीट सांगूनच टाकू.

मी मूळची नागऱ्याची. गोंदिया शहराजवळचं, जुन्या शिवमंदिराचं आणि महाशिवरात्रीच्या जत्रेचं नागरा. बीटेक झालं, नोकरीसाठी पुण्याला आले, पण दिवाळीला घरी जायचं म्हणजे जायचंच. कारण दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, आणि मंडई म्हटली की नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतली ही झाडीपट्टी रंगभूमी. तिचं मुख्य केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत तिचा हंगाम चालतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आम्ही मात्र लहानपणापासून चादर पांघरून, मैदानात बसून तीच नाटकं बघत आलोय.

माझी मामेबहीण या नाटकांत काम करते. माझ्यापेक्षा मोठी, म्हणून ताई. त्या दिवशी जवळच्याच गावात तिचा प्रयोग होता. सकाळी सहा वाजता ती आमच्या घरी आली, झोपायला. चेहरा पुसलेला होता, पण डोळे तसेच. जाड काजळ, लायनर, मस्कारा, पापण्यांवर चमकी. तिने पर्समधून तेलाची बाटली काढली, उलटी केली, तर तेल गोठलेलं! खोबरेल तेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली घट्ट होतं, आणि गोंदियातली डिसेंबरची पहाट तुम्हाला माहीतच असेल. मग तिने पंचाचं टोक ओलं केलं, त्यावर अंगाचा साबण चोळला आणि डोळे घासायला लागली. अक्षरशः भांडी घासतात तसे.

आई म्हणाली, "डोरे लाल झाले ना वो तुये."

ताई हसली. "रोजचंच हाय हे, आत्या. घासलं, पुसलं, झोपलं. रात्री परत लावाचंच हाय."

दुपारी उठली तेव्हा उजवा डोळा उघडत नव्हता. पाणी येत होतं, उजेड सहन होत नव्हता. तिला मेडिकलमधून एखादा ड्रॉप आणून, तो टाकून रात्रीच्या प्रयोगाला जायचं होतं. प्रयोग बुडला तर त्या रात्रीचे पैसे बुडतात, आणि हंगाम वर्षातून एकदाच येतो. शेवटी आम्ही तिला जवळजवळ ओढूनच गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावर ओरखडा आहे, बहुतेक चमकीचा. आणि पापण्यांच्या कडा सुजल्यात, त्याला ब्लेफरायटिस म्हणतात. ते एका रात्रीचं नव्हतं, कित्येक महिन्यांचं साचलेलं होतं. ताईचे चार प्रयोग गेले. डोळा वाचला, हे महत्त्वाचं.

आणि खरं सांगू? मी ताईला भाषण देत होते, पण मी स्वतः काय करत होते? कॉन्टॅक्ट लेन्स, दिवसभर स्क्रीन, वॉटरप्रूफ काजळ, आणि रात्री एक वाइप घेऊन खसाखसा पुसणं. म्हणजे आम्ही दोघी सारख्याच.

तर आता मुद्द्याला येऊ. नुकसान होतं कुठे?

आपल्या अंगावरची सगळ्यात पातळ कातडी पापणीची असते. ती घासली की जळजळते, सुजते, हळूहळू काळवंडतेही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पापणीच्या कडेला, केसांच्या ओळीच्या मागे, बारीक ग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत साधारण पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस ते तीस. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यातून एक तेलकट द्रव येतो, तो अश्रूंवर पातळ थर धरतो आणि अश्रू लवकर सुकू देत नाही. आपण आतल्या कडेवर, म्हणजे वॉटरलाइनवर काजळ भरतो, ते नेमकं या ग्रंथींच्या तोंडावर. रोज भरलं आणि रोज अर्धवट काढलं, की ही तोंडं बुजतात. मग डोळे कोरडे, चुरचुर, रांजणवाडी. वर आपण स्क्रीनकडे बघताना पापण्याही कमी मिटतो. झाला डबल मार.

अर्धवट काढलेला मेकअप कुठवर जाऊ शकतो? २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका बाईची केस डोळ्यांच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. पंचवीस वर्षं मस्कारा लावला, पण कधीच नीट काढला नाही. पापणी उलटून बघितली तर आत मस्काऱ्याचे काळे खडे साचलेले. घाबरवायला सांगत नाहीये. पण "एखाद दिवस राहिला तर काय होतं" हे आपण रोज म्हणतो, म्हणून सांगितलं.

म्हणजे दोन चुका आहेत. मेकअप मागे ठेवणं ही एक, आणि तो घासून काढणं ही दुसरी. चांगलं रिमूव्हर या दोन्हींतून सोडवतं. म्हणून माझी एकच कसोटी आहे, आजच्या भागातलं बाकी सगळं विसरलात तरी ही लक्षात ठेवा: जोर लावावा लागत असेल तर रिमूव्हर चुकलंय. बाटलीवर 'जेंटल' लिहिलंय की नाही हा प्रश्न नंतरचा. सौम्य रिमूव्हर घेतलं आणि त्याने मेकअप निघेना म्हणून दहा वेळा घासलं, तर ते सौम्य कसलं?

मग बरोबर कोणतं? ते तुम्ही काय लावता यावर ठरतं. आधी लावलेली वस्तू बघा, मग काढायची निवडा.

पहिला प्रकार, साधं काजळ, साधं लायनर, रोजचा हलका मेकअप. याला मायसेलर वॉटर पुरतं. दिसायला पाणीच, पण त्यात साबणाच्या जातीचे सौम्य रेणू असतात. त्यांचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. असे रेणू एकत्र येऊन बारीक गोळे करतात, आणि मेकअपचा तेलकट भाग त्या गोळ्यांच्या आत ओढला जातो. बाटलीवर 'धुवायची गरज नाही' असं लिहिलेलं असलं तरी डोळ्यांच्या बाबतीत मी धुते. नाहीतर तेच रेणू रात्रभर पापणीवर राहतात आणि सकाळी चुरचुरतं.

दुसरा प्रकार, वॉटरप्रूफ मस्कारा, वॉटरप्रूफ लायनर, स्टेजचा मेकअप. यात मेण आणि पाण्याला दाद न देणारा पातळ पडदा असतो. पाणीदार रिमूव्हर इथे हरतं, आणि आपण घासायला लागतो. इथे तेलच हवं, कारण तेलकट गोष्ट तेलात विरघळते. दोन पर्याय आहेत. एक, दोन थरांचं रिमूव्हर, ज्याला बायफेज म्हणतात. बाटलीत वर तेलकट थर, खाली पाणी. वापरायच्या आधी हलवायचं. न हलवता वापरलं तर नुसता वरचा थर येतो आणि आपण म्हणतो, हे फार चिकट आहे. दुसरा, क्लिन्झिंग बाम किंवा क्लिन्झिंग ऑइल. ते पाणी लागलं की दुधासारखं होतं आणि धुऊन जातं. ही कल्पना काही नवी नाही. तेल, मधमाशांचं मेण आणि पाणी फेटून केलेली कोल्ड क्रीम जगभरचे नट रंग उतरवायला वापरत आलेत.

आता तुमच्या मनातला प्रश्न. मग घरचं खोबरेल तेल का नको? माझ्या आईचाही तोच प्रश्न होता, "घरी तेल हाय ना, मग इकत कायले आनाचं?"

बरोबर आहे तिचं. शुद्ध खोबरेल तेल वॉटरप्रूफ मेकअप उतरवतं. पण चार अटी. एक, ते साधं हवं. डोक्याला लावायचं सुगंधी तेल नाही, आणि कापूर-मेंथॉलचं थंड तेल तर अजिबात नाही. ताईच्या कंपनीत मेकअपच्या पेटीजवळ एकच बाटली सगळ्यांसाठी असायची, आणि कधी कधी ती थंड तेलाची असायची. डोळ्यात गेलं की काय होतं ते कल्पना करा. दोन, बाटली आपली स्वतःची, बोटं न बुडवलेली. तीन, थंडीत बाटली आधी कोमट पाण्यात उभी करा. चार, तेलाने काढून तिथेच थांबायचं नाही, नंतर सौम्य फेसवॉशने धुवायचं. नाहीतर तेलाचा थर राहतो, नजर धूसर होते, आणि ग्रंथींवर पुन्हा थर बसतोच.

तिसरा प्रकार, लेन्सवाले. माझ्यासारखे. क्रम पक्का ठेवा. लेन्स आधी घालायच्या, मग मेकअप. रात्री लेन्स आधी काढायच्या, मग मेकअप. तेल लेन्सला चिकटलं तर सहज जात नाही. आणि ज्यांनी चिकटवलेल्या आयलॅश एक्स्टेन्शन केल्यात, त्यांनी तेल टाळा, गोंद सुटतो.

नाटकवाल्यांसाठी एक खास सूचना. दाढीमिशा चिकटवायला स्पिरिट गम वापरतात, आणि तो सोडवायचं वेगळं द्रावण असतं. ते डोळ्यांजवळ नेऊ नका. 'मेकअप काढायचंच तर आहे' असं म्हणून अनेक जण तेच भुवयांपर्यंत फिरवतात.

लेबल कसं वाचायचं? सुगंध असेल तर डोळ्यांसाठी नको. मिथाइलआयसोथायझोलिनोन असं लांबलचक नाव दिसलं तर परत ठेवा. या प्रिझर्व्हेटिव्हने इतक्या जणांना अ‍ॅलर्जी झाली, की युरोपात २०१७ पासून लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये त्यावर बंदी आहे. 'हायपोअलर्जेनिक' या शब्दावर फार विसंबू नका, त्यामागे सगळ्यांना लागू असलेली एक ठरलेली चाचणी नाही. त्यापेक्षा स्वतः चाचणी घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा, दोन-तीन दिवस बघा. आम्ही कोड थेट प्रॉडक्शनला टाकत नाही ना, तसंच. आणि उघड्या डबीचं छोटं चित्र शोधा. त्यावर ६एम किंवा १२एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यानंतर इतके महिने. आठवडी बाजारात बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता, मुदत यातलं काहीच नसलेली बाटली स्वस्तात मिळाली, तरी डोळ्यांसाठी घेऊ नका.

आता काढायची पद्धत. हात धुवा. कापूस चांगला भिजवा, कंजूषी नको. डोळा मिटून कापूस पापणीवर ठेवा आणि वीस आकडे मोजा. नुसता ठेवा. मग वरून खाली, केसांच्या दिशेने, एकदाच अलगद ओढा. राहिलं तर नवीन कापूस, पुन्हा वीस. वॉटरलाइनसाठी कापसाची काडी भिजवा, आरशात बघून पापणीच्या कडेने फिरवा, बुबुळाकडे नेऊ नका. चमकी असेल तर पुसायचं नाही, तेलाचा कापूस दाबून ती उचलून घ्यायची. शेवटी कोमट पाण्याने धुवा आणि टिपून कोरडं करा. दोन डोळ्यांना मिळून चार मिनिटं. तेवढा वेळ आपण झोपताना रील बघण्यात रोज घालवतो.

एक गोष्ट गंभीरपणे. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय किंवा पू येतोय, तर घरगुती उपाय बंद, सरळ डोळ्यांचे डॉक्टर. आणि चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून ड्रॉप आणू नका. त्यात स्टिरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं, पण काही जंतुसंसर्ग त्याने उलट वाढतात. ताईने त्या दिवशी तेच टाकलं असतं, आणि आम्हाला वाटलं असतं, झाली बरी.

ताई आता परत काम करते. यंदाच्या हंगामात तिच्या पर्समध्ये स्वतःचं बायफेज रिमूव्हर, कापूस आणि पाण्याची बाटली असते. प्रयोग संपला की गाडीत बसायच्या आधी ती वीस आकडे मोजते. सुरुवातीला बाकीच्या बायका हसायच्या. परवा फोनवर म्हणाली, "आता त्या बी मोजतेत. पण कापूस माह्याच घेतेत, तुले अजून दोन पाकिटं पाठवा लागतेत."

पाठवलीत मी. चला मंडळी, आज रात्री झोपायच्या आधी वीसपर्यंत मोजा. तुम्ही काय लावता आणि कशाने काढता, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!