कल्पित इतिहासातील विसंगती

एखाद्या देशाचा इतिहास लिहिताना दोन साधनांत विरोध आढळला, तर त्यांपैकी अधिक विश्वसनीय कोणते, हे इतिहासकार ठरवू पाहतो. घडलेली घटना एकच होती, हे त्याचे गृहीत असते. परंतु जो देश कधी अस्तित्वातच नव्हता, त्याच्या इतिहासातील दोन विधाने परस्परविरुद्ध निघाली, तर निर्णय कशाच्या आधारे करावयाचा? हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

वरवर पाहता हा विषय पोरकट वाटेल. पण असे वाद नवे नाहीत. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कथेत, १८८७ साली, डॉक्टर वॉटसनला युद्धातील गोळी खांद्यात लागल्याचे सांगितले आहे. १८९० सालच्या दुसऱ्या कथेत ती जखम पायाला आहे. अशा विसंगतींचा काथ्याकूट होम्सच्या चाहत्यांनी पुढे अनेक वर्षे केला. धर्मग्रंथांच्या चिकित्सेची पद्धत या कथांना लावून दाखविणारा रोनाल्ड नॉक्स यांचा निबंध १९११ साली ऑक्सफर्ड येथे वाचला गेला. त्यात विनोद होता. पण ज्या कथांवर प्रेम आहे त्यांच्याच बाबतीत असा विनोद सुचतो, हेही तितकेच खरे.

आपल्या काळात हीच वृत्ती व्हिडिओ गेमच्या चाहत्यांमध्ये अधिक तीव्रतेने दिसून येते. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही मालिका. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील बेथेस्डा सॉफ्टवर्क्स या संस्थेने १९९४ साली तिचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यानंतर ‘डॅगरफॉल’ (१९९६), ‘मोरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११) हे प्रमुख भाग आले. सर्वांची भूमी एकच, टॅम्रिएल नावाचे कल्पित खंड. काळ मात्र निरनिराळे. या खेळांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांतील घरांत, मठांत आणि ग्रंथालयांत शेकडो ग्रंथ ठेवलेले असतात आणि खेळणाऱ्याला ते उघडून वाचता येतात. त्यांचे लेखकही त्या जगातीलच: कोणी दरबारी इतिहासकार, कोणी पंथाचा प्रचारक. त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि खरे काय ते सांगण्यासाठी निर्माता स्वतः सहसा पुढे येत नाही.

विसंगतीचा पहिला मोठा प्रश्न ‘डॅगरफॉल’मुळे उभा राहिला. या खेळाच्या अखेरीस एका विराट यंत्रपुरुषावर ताबा मिळवून देणारे साधन खेळाडूच्या हाती येते. ते कोणाच्या स्वाधीन करावयाचे, हे त्यानेच ठरवावयाचे असते. सम्राट, तीन राज्यांचे राज्यकर्ते, ऑर्क जमातीचा राजा, प्रेतविद्येचा एक मांत्रिक आणि शतकानुशतके मरणासाठी तळमळणारा एक जीव असे सर्वजण त्याचे दावेदार आहेत. ज्याला ते साधन मिळेल त्याप्रमाणे पुढील इतिहास बदलतो. मग पुढच्या भागात यांपैकी कोणता शेवट खरा मानावयाचा? एक खरा मानला, तर इतर खेळाडूंनी केलेली निवड खोटी ठरते.

निर्मात्यांनी यावर विलक्षण तोडगा काढला. त्या जगात कालाची देवता ड्रॅगनरूप मानली जाते. त्या देवतेचा भंग झाला, म्हणजे कालाचा प्रवाह तुटला, आणि परस्परविरुद्ध घटना एकाच वेळी घडल्या, असे पुढील भागांतील ग्रंथांतून सांगण्यात आले. चव्वेचाळीस लहान राज्यांच्या जागी चार उरली. ऑर्क लोकांचे राज्य टिकले. मरण मागणाऱ्याला मरण लाभले. मांत्रिक देवपदास पोहोचला. चाहते या कल्पनेला ‘ड्रॅगन ब्रेक’ या तिच्या मूळ नावानेच ओळखतात. लक्षणीय गोष्ट अशी की, ‘मोरोविंड’मध्ये एक ग्रंथ याच कल्पनेचे खंडन करतो. प्राचीन काळी सहस्राहून अधिक वर्षे काल तुटला होता, ही समजूत कालगणनेतील चुकीतून निर्माण झाली, असे त्याच्या विद्वान लेखकाचे मत आहे. अशा रीतीने तोडग्यावरील आक्षेपही त्या जगातच नोंदविला गेला.

भारतीय श्रोत्यांना ही युक्ती अगदीच अपरिचित वाटणार नाही. गणेशाचे मस्तक शंकराने छेदले असे एक पुराण सांगते. शनीच्या दृष्टीने ते नष्ट झाले असे दुसरे सांगते. शिवपुराणात या भेदाचे समाधान कल्पभेदाने केलेले आहे: कल्प निराळा, म्हणून कथाही निराळी. कोणाचीही परंपरा असत्य ठरवावी लागत नाही, हा या समाधानाचा विशेष. ‘ड्रॅगन ब्रेक’चेही मर्म हेच आहे.

दुसरा प्रश्न एका प्रदेशाच्या वृक्षराजीविषयी आहे. १९९८ साली ‘रेडगार्ड’ या खेळाबरोबर टॅम्रिएलची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका देण्यात आली होती. साम्राज्याचा मध्यवर्ती प्रांत सिरोडिल हा बहुतांशी घनदाट जंगलाने व्यापलेला आहे, असे तीत म्हटले होते. त्यानंतर आठ वर्षांनी ‘ऑब्लिव्हियन’ प्रसिद्ध झाला. त्यातील सिरोडिल म्हणजे समशीतोष्ण हवामानातील कुरणे आणि विरळ वनराई. ज्यांनी मनाशी निराळेच चित्र रंगविले होते, त्यांचा विरस झाला.

खुलासा येथेही पुढे आला. साम्राज्याचा संस्थापक टायबर सेप्टिम मरणोत्तर देव झाला आणि आपल्या सामर्थ्याने त्याने त्या भूमीचे रूप पालटले, अशी सूचना ‘ऑब्लिव्हियन’मधील एका पंथप्रमुखाच्या लेखनात आहे, ‘स्कायरिम’मध्ये या देवाचा एक प्रचारक तेच भर चौकात ओरडून सांगतो. पुढे २०१४ साली आलेल्या ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’चा काळ त्या साम्राज्याच्या स्थापनेपूर्वी सुमारे तीनशे वर्षांचा आहे, आणि त्यातही सिरोडिल जंगलमय नाही. जो बदल सम्राटाने केला म्हणतात, तो त्याच्या जन्मापूर्वीच झालेला दिसतो. त्या खेळातील एका ग्रंथात जंगलाचा उल्लेख हा लेखनिकाचा प्रमाद असावा, या मताची नोंद आहे आणि त्यावर वादही घातलेला आहे. प्रत्येक खुलाशाबरोबर गाठ सुटण्याऐवजी आणखी घट्ट झाली.

काही चाहते निर्मात्यांची बाजू घेतात. मूळ पुस्तिका ही साम्राज्याचे प्रचारसाहित्य आहे, तिच्यावर विश्वास का ठेवावा, असे ते विचारतात. हा युक्तिवाद दुर्बळ नाही. परंतु त्यावरील उत्तरही विचारार्ह आहे: प्रचारक शत्रूविषयी खोटे लिहील, स्वतःच्या राजाची थोरवी वाढवील, आपल्याच प्रांतातील झाडांविषयी खोटे लिहून त्याचा काय लाभ?

येथे या वादाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. दोन्ही प्रसंगी विसंगती होती आणि दोन्ही प्रसंगी दैवी चमत्काराने तिचे समाधान करण्यात आले. तरीही पहिले समाधान बहुधा कौतुकाने स्वीकारले जाते आणि दुसऱ्यावर वाद संपत नाही. याचे कारण तर्कात शोधून सापडणार नाही; तर्काच्या दृष्टीने दोन्ही सारखीच आहेत. पहिल्या प्रसंगी विसंगती खेळाडूंना दिलेल्या स्वातंत्र्यातून उद्भवली होती आणि प्रत्येकाच्या निवडीचा मान राखण्यासाठी चमत्कार योजला गेला. दुसऱ्या प्रसंगी वाचकांना दिलेले एक चित्र मागे घेतले गेले आणि ते मागे घेणे झाकण्यासाठी चमत्कार आला, अशी त्यांची भावना झाली. निर्मात्यांचा हेतू काहीही असो, वाचकांच्या मनातील हिशेब हा असा आहे.

प्रमाण कोणाचे मानावे, हा वादही यातूनच निघतो. मायकेल किर्कब्राइड हे ‘मोरोविंड’च्या आणि वर उल्लेखिलेल्या पुस्तिकेच्या लेखकांपैकी एक. संस्थेची नोकरी सोडल्यानंतरही या जगाविषयीचे लेखन त्यांनी खेळाबाहेर प्रसिद्ध केले. जगाची घडण करणाऱ्याचा शब्द म्हणून काही चाहते ते प्रमाण मानतात. खेळात नाही ते ग्राह्य नाही, असे इतर म्हणतात. पहिला पक्ष कर्त्याला महत्त्व देतो, दुसरा ग्रंथाला. कोणत्याही ग्रंथपरंपरेत हे दोन पक्ष असतातच.

एक धोका मात्र दोन्ही पक्षांनी ओळखला पाहिजे. प्रत्येक साक्षीदार खोटा असू शकतो आणि काल केव्हाही तुटू शकतो, असे एकदा ठरले, की त्या जगात चूक अशी काही उरतच नाही. जेथे काहीच चुकू शकत नाही, तेथे काही लक्षात ठेवण्याचेही प्रयोजन उरत नाही. पुस्तिकेतील एका शब्दावर वर्षानुवर्षे वाद घालणारा चाहता त्रासदायक वाटला, तरी त्या जगाचे वजन तोच सांभाळून धरीत असतो.

‘स्कायरिम’मध्ये यादवी युद्ध आहे. साम्राज्याच्या बाजूने लढावयाचे की बंडखोरांच्या, हे प्रत्येक खेळाडू स्वतः ठरवितो. त्या काळानंतरची कथा सांगणाऱ्या भागाला या प्रश्नाचे काही उत्तर द्यावे लागेल. काल पुन्हा तोडता येईल, युद्धाविषयी मौनही पाळता येईल किंवा एक पक्ष विजयी ठरविता येईल. यांपैकी कोणताही मार्ग पत्करला, तरी चाहते त्यात एकच गोष्ट तपासून पाहतील: त्यांनी ज्या बाजूने शस्त्र उचलले, त्याची त्या जगाने आठवण ठेवली की नाही.