‘फीट’ या शब्दाविषयी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



इंग्रजीत ‘फीट’ उच्चाराचे दोन शब्द आहेत. एक पावलांचा, तो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा वर्तमानपत्रांत भेटतो, ‘ग्रेट फीट’, म्हणजे मोठी कामगिरी. दोघांचे नाते काही नाही. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक मिळवले, तिथे मात्र दोन्ही शब्द शोभतात.

हा दुसरा ‘फीट’ मूळचा लॅटिन. ‘फाकेरे’ म्हणजे करणे आणि ‘फाक्टुम’ म्हणजे केलेले. फ्रेंचांच्या तोंडी झिजून तो चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. ‘फॅक्ट’ त्याचाच भाऊ. ‘डिफीट’ म्हणजे केलेले मोडणे. भाषापंडित या ‘फाकेरे’चे नाते संस्कृत ‘धा’ धातूशी लावतात, तेव्हा आपला ‘विधी’ही त्याचा दूरचा भाऊबंदच! सांगायचे इतकेच की मुळात या शब्दात शौर्य नाही की गाजावाजा नाही. केलेले काम, बस्स.

आपली ‘करणी’ही तशीच, ‘कृ’ धातूपासून आलेली. पण गंमत पहा. शूराची करणी म्हटली की पोवाडा, आणि बाईने करणी केली म्हटले की चेटूक! ‘पराक्रम’ बरा, तो शिवरायांचाही असतो आणि दुधाचे भांडे लवंडणाऱ्या पोराचाही.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. हा फीट कोणाचा? दादासाहेबांचा, यात शंकाच नाही. पण कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात बसून भोके कोणी पाडली? सरस्वतीबाईंनी. फिल्म धुण्याच्या कामाला हात कोणी लावला, एवढ्या मंडळींचा स्वयंपाक कोणी रांधला, भांडवलासाठी अंगावरचे दागिने कोणी उतरवून दिले? सरस्वतीबाईंनीच. केलेले काम हाच शब्दाचा अर्थ असेल, तर तो त्यांना लावायला कोणाची हरकत असावी? दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार आहे; सरस्वतीबाईंचे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकले होते?

आता घरचे बोलते. स्मरणिकेत ‘मंडळाची उल्लेखनीय कार्ये’ असे पान असते. त्यात बक्षिसे येतात, पाहुणे येतात, देणगीदार येतात. सतरंज्या घालणाऱ्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या, आजारी सभासदाकडे डबा पोचवणाऱ्या येत नाहीत. कार्यकारिणीने याच अंकात त्यांना जागा द्यावी. पान वाढेल, खर्चही थोडा वाढेल, हे मी जाणते.

नावे मी लिहून आणली आहेत. अकरा आहेत. कोणाचे राहिले असेल तर चहाच्या वेळी सांगावे.